बी-१२ चा आकडा ताटाचा की जनुकांचा?

वरण-भात, भाजी-पोळी, सकाळी कपभर दूध. नवरा-बायकोचं ताट एकच, तरी रक्ततपासणीत एकाचं बी-१२ जीवनसत्त्व साडेतीनशे निघतं आणि दुसऱ्याचं दीडशे. मग दीडशेवाल्याला ऐकावं लागतं, "तू नीट जेवत नाहीस." हे बोलणं बऱ्याचदा अन्यायाचं असतं.

ताटाचा वाटा मोठा आहे, हे खरंच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यांतल्या, झोपडपट्टीतल्या आणि शहरी मध्यमवर्गातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांचं बी-१२ कमी निघालं. सर्वांत वाईट स्थिती होती खाऊनपिऊन सुखी असलेल्या मध्यमवर्गाची: ८१ टक्के. शाकाहारी पुरुषांत कमतरतेचा धोका चौपटीहून जास्त होता.

बी-१२ कुठलीच वनस्पती बनवत नाही, ते फक्त सूक्ष्मजीव बनवतात. गाईम्हशींच्या पोटातल्या सूक्ष्मजीवांनी केलेलं बी-१२ दुधात उतरतं आणि आपल्यापर्यंत येतं. मटकीला कितीही मोड आणा, पालक कितीही खा, त्यात ते सापडणार नाही. रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची, कपभर दुधात मिळतं साधारण एक. चहातल्या चमचाभर दुधानं काय भागणार?

शिवाय पोटात गेलं म्हणजे अंगी लागलं, असंही नाही. जठरातलं एक प्रथिन बी-१२ ला धरून लहान आतड्याच्या शेवटच्या भागापर्यंत नेतं, तिथे ते शोषलं जातं. या वाटेनं एका वेळी जेमतेम दीड-दोन मायक्रोग्रॅमच आत जातं. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत शोषण आणखी घटू शकतं.

आता जनुकं. २००८ मध्ये अमेरिकेतल्या परिचारिकांच्या रक्ताचा अभ्यास करताना एफयूटी-२ या जनुकाचा बी-१२ शी संबंध दिसला. रक्तगटाच्या खुणा लाळेत आणि आतड्याच्या अस्तरावर उमटणार की नाही, हे हे जनुक ठरवतं. ज्यांच्यात ते बंद असतं, त्यांच्या रक्तात बी-१२ सरासरीनं जास्त आढळतं. २०१७ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या आणि पुण्याच्या केईएममधल्या संशोधकांनी भारतीयांत एफयूटी-६ या त्याच कुळातल्या जनुकाचे असेच बदल शोधून काढले.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. रक्तात बी-१२ दोन प्रथिनांवर बसून फिरतं. ट्रान्सकोबालामिनवरचं पेशींना मिळतं, पण तो साधारण पाचवा हिस्सा. उरलेलं हॅप्टोकोरिनवर असतं आणि बहुतेक पेशींना ते घेताच येत नाही. एफयूटी-२ मुळे वाढतो तो मुख्यतः हा दुसरा हिस्सा. म्हणजे साडेतीनशेवाल्याच्या पेशी जास्त तृप्त असतीलच असं नाही. म्हणून आकडा काठावरचा असेल, तर होमोसिस्टीन (बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणारा घटक) किंवा होलोट्रान्सकोबालामिन (ट्रान्सकोबालामिनवर बसलेलं बी-१२) यांची तपासणी करावी का, हे डॉक्टरांना जरूर विचारावं.

गरोदर बायकांच्या बाबतीत तर हे फार निकडीचं आहे. पुण्याजवळच्या खेड्यांत ज्या आयांचं बी-१२ कमी आणि फोलेट (फॉलिक ॲसिड ज्याचं एक रूप, ते जीवनसत्त्व) जास्त होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक दिसली. आणि गरोदरपणात सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या नेहमीच्या गोळीत लोह असतं, फॉलिक ॲसिड असतं, बी-१२ नसतं.