सेल संपला की लगेच या

“दिवाळीत सेल घातला आणि होळीला घड्याळ बंद?” ही तक्रार घेऊन आलात, की आम्ही आधी जुना सेल उलटा करून नंबर बघतो. एसआर ६२६ की एलआर ६२६? आकार सारखाच, बसतातही सारखेच. पण एसआर म्हणजे सिल्व्हर ऑक्साइड. त्याचे १.५५ व्होल्ट जवळजवळ शेवटपर्यंत टिकतात, आणि साध्या तीन काट्यांच्या घड्याळात तो दोन-तीन वर्षं सहज काढतो. एलआर अल्कलाइन असतो. स्वस्त, पण लवकर उतरतो. सेल घालून घेताना नंबर विचारा. आम्हालाही विचारा.

चांगला सेलही वर्षभरात संपत असेल, तर बहुधा आतलं तेल सुकलेलं असतं. चाकं जड फिरतात आणि मशीन जास्त वीज खातं. तिथे सर्व्हिसिंगच हवी.

काही घड्याळांत सेकंदकाटा दोन-दोन सेकंदांच्या उड्या मारू लागतो. तो बिघाड नव्हे, सेल संपत आल्याची खूण आहे. त्याच आठवड्यात या. बंद घड्याळ तसंच कपाटात टाकू नका, कळकळीची विनंती आहे. मेलेला सेल पाझरतो. झाकण उघडलं की पट्टीवर पांढरट-हिरवा थर दिसतो. तो कॉइलच्या केसाएवढ्या तारेपर्यंत पोचला, तर अख्खं मशीन बदलावं लागतं.

किल्लीच्या घड्याळाला ही भीती नाही. एचएमटीनं १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या सहकार्यानं बंगळूरला कारखाना काढला, आणि तिथली सतरा ज्वेलची (म्हणजे चाकांच्या टोकांना आधार देणाऱ्या बारीक खड्यांची) ‘जनता’ आजही कितीतरी घरांत वडिलांची आठवण म्हणून जपलेली आहे. ती दिवसाला अर्धा-एक मिनिट पुढेमागे होईल. अचूकपणात सेलचं घड्याळच सरस. पण एकदा डोळ्याला भिंग लावून तिचा बॅलन्स, म्हणजे इकडून तिकडे डोलणारं चाक, बघा. सेकंदाला पाच ठोके, आणि प्रत्येक ठोक्याला आकसणारी-फुलणारी ती बारीक स्प्रिंग! दुकानात आलात तर आम्ही आवर्जून दाखवू.

किल्ली रोज ठरल्या वेळी, घड्याळ हातातून काढून द्या. अडली की थांबा. घड्याळ अचानक मिनिटंच्या मिनिटं पुढे पळू लागलं, तर बहुतेक वेळा स्प्रिंगमध्ये चुंबकत्व आलेलं असतं. ते आम्ही तुमच्यासमोरच काढून देतो.

वर्षानुवर्षं कपाटात पडलेल्या घड्याळाला मात्र किल्ली देऊन बघू नका. कोरडी चाकं झिजतात. रुमालात गुंडाळून तसंच घेऊन या.