मुंबई अर्ध्या तासावर, तिकिटावर मात्र सव्वा तास

डिचोलीच्या आमच्या काकूंना नातवाने हिशेब मांडून दाखवला. गोव्यातला दाबोळी विमानतळ ते मुंबई सरळ रेषेत साधारण ४२५ किलोमीटर, जेट विमानाचा वेग ताशी ८३० च्या आसपास, म्हणजे झाला अर्धा तास. तिकिटावर मात्र सव्वा तास. ‘‘मग उरलेला पाऊण तास हे वर करतात तरी काय?’’ काकूंनी मला विचारलं.

नातवाचा भागाकार बरोबर होता, पण ताशी ८३० हा वेग तीसेक हजार फुटांवरचा. तिथवर चढायलाच पंधरा-वीस मिनिटं आणि दीडेकशे किलोमीटर जातात. उतरण्याचा उतार तर फारच सौम्य, जेमतेम तीन अंशांचा. दर हजार फूट खाली यायला साडेपाच किलोमीटर पुढे जावं लागतं. म्हणजे तीस हजार फुटांवरून उतरायचं तर १६५ किलोमीटर आधीच सुरुवात हवी. आता ४२५ मधून चढण आणि उतरण वजा करा. उरले शंभरेक किलोमीटर, जेमतेम सात-आठ मिनिटं! हातातला चहा अर्धाही झालेला नसतो आणि कप गोळा करायला मंडळी येतात, कानांत दडे बसायला लागतात. त्यांची घाई उगाच नसते.

शिवाय दहा हजार फुटांखाली विमानाला सहसा २५० नॉटची, म्हणजे ताशी सुमारे ४६३ किलोमीटरची मर्यादा असते.

आणि ती सरळ रेषा तरी कुठे सरळ? विमान वाऱ्याला सामोरं जाऊन उडतं आणि तसंच उतरतं. पंखांवरून हवा जितकी जोरात वाहील तितकी कमी धावपट्टी लागते. दाबोळीची धावपट्टी पूर्व-पश्चिम. समुद्रावरून पश्चिमेचा वारा असला की विमान आधी अरबी समुद्रावर जातं, मग उत्तरेकडे वळतं. मुंबईतही तोच वारा असेल तर मुख्य धावपट्टीवर पूर्वेकडून, घाटकोपरच्या बाजूने यावं लागतं. दक्षिणेकडून आलेल्या विमानाला त्यासाठी शहराला वळसा पडतो. त्यातून मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणी वापरता येत नाहीत. रांग लांबली की घिरट्या आल्याच.

वेळापत्रकातली वेळ तर हवेतली नसतेच. दाबोळीत विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू होतं आणि मुंबईत जागेवर उभं राहिलं की थांबतं. जमिनीवरचं रखडणंही त्यातच धरलेलं.

म्हणूनच दिल्लीचं गणित गंमतीचं दिसतं. गोव्याहून दिल्ली सुमारे १५०० किलोमीटर, मुंबईच्या साडेतीनपट. वेळ मात्र अडीच तासांच्या आसपास, साधारण दुप्पट. चढण-उतरण तेवढीच, वाढतो तो फक्त वेगाचा टप्पा.

काकूंनी शेवटी मोपाचा विषय काढला. जानेवारी २०२३ पासून पेडण्यातला हा विमानतळ सुरू आहे, आणि तिथून मुंबई ३५-४० किलोमीटरने जवळ. मी म्हटलं, ‘‘कमी झाले ते वेगाच्या टप्प्यातले किलोमीटर. वाचतील फार तर तीन मिनिटं.’’

‘‘वरची तीन राहू देत,’’ काकू म्हणाल्या, ‘‘डिचोलीहून दाबोळी गाठताना पणजीच्या ट्रॅफिकात जातात ती किती, ते सांग.’’