आज्ञा-संकेतन व प्रचालन प्रणाली

आज्ञा-संकेतन : प्रोसेसरने पार पाडावयाची प्रत्येक आज्ञा स्मृतीत बिटांच्या रूपात मांडण्याची ठरीव पद्धत. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत मराठी शाळांतून आलेली मुलेही अभियांत्रिकी इंग्रजीतूनच शिकतात आणि बेळगावला मुख्यालय असलेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या (स्थापना १९९८) वर्गांतून ‘इन्स्ट्रक्शन’ (आज्ञा), ‘ऑपकोड’ (आज्ञेतील कृती दर्शविणारा संकेत) हेच शब्द त्यांच्या तोंडी बसतात. त्यामुळे या विषयाचे मराठी विवेचन सीमाभागात विशेष गरजेचे आहे. नेहमीच्या कामात संकेतनाची जबाबदारी कंपायलर व असेंब्लर (कार्यक्रमाचे यंत्राच्या आज्ञांत रूपांतर करणारी साधने) घेतात. कर्नलला, म्हणजे प्रचालन प्रणालीच्या मध्यवर्ती भागाला, मात्र काही ठिकाणी आज्ञेचे बाइट स्वतः वाचावे किंवा लिहावे लागतात.

आज्ञाही संख्यांप्रमाणे स्मृतीत साठवावी, ही कल्पना मूळची कोणाची, याविषयी मतभेद आहेत. एडव्हॅक या आरंभीच्या संगणकावरील ३० जून १९४५ चा मसुदा अहवाल एकट्या जॉन फॉन नॉयमन यांच्या नावाने वितरित झाला, म्हणून श्रेय दीर्घकाळ त्यांच्याकडे राहिले. त्याच यंत्राचे अभिकल्पक प्रेस्पर एकर्ट व जॉन मॉक्ली यांनी हा विचार आपल्या गटात आधीच झाल्याचे सांगितले. त्यासाठी एकर्ट यांच्या जानेवारी १९४४ मधील टिपणाचा आधार दिला जातो. मात्र आज्ञा आणि आधारसामग्री एकाच, बदलता येण्याजोग्या स्मृतीत ठेवण्याची कल्पना त्यात कितपत स्पष्ट आहे, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. विचार गटाचा आणि त्याची तर्कशुद्ध मांडणी फॉन नॉयमन यांची, हे मत अधिक ग्राह्य वाटते. प्रत्यक्षात साठवलेला कार्यक्रम २१ जून १९४८ रोजी मँचेस्टर येथील ‘बेबी’ यंत्रावर चालला; त्याच्या ३२ बिटांच्या शब्दात कृती दर्शविण्यासाठी अवघे ३ बिट होते.

पुढे आज्ञांची लांबी हा कळीचा प्रश्न ठरला. आयबीएमच्या सिस्टिम/३६० मध्ये (१९६४) आज्ञा २, ४ किंवा ६ बाइटांची असे आणि पहिल्या दोन बिटांवरून लांबी कळे. रिस्क-फाइव्ह या खुल्या आज्ञासंचात तळाचे दोन्ही बिट १ नसतील, तर आज्ञा १६ बिटांची असते. एक्स८६ मध्ये, म्हणजे इंटेलच्या पद्धतीच्या प्रोसेसरांच्या आज्ञासंचात, अशी सोपी खूण नाही. आज्ञा १ ते १५ बाइटांची असू शकते आणि आरंभापासून क्रमाने वाचल्याशिवाय तिची हद्द ठरत नाही. शब्दांत जागा न सोडता लिहिलेला मोडी दस्त वाचणाऱ्याला ही अडचण परिचित आहे : प्रारंभ चुकला, की पुढची अक्षरे भलत्याच शब्दांत जुळतात. वाचण्याची रीत बदलली तरी अर्थ बदलतो. ‘दारी’ हा उच्चार मराठीत दारापाशी आणि कन्नडमध्ये वाट असा अर्थ देतो; तसाच षोडशमान (१६ पायाच्या) पद्धतीतील ४८ हा बाइट ३२-बिट रीतीत एका रजिस्टरमधून (प्रोसेसरमधील छोट्या साठ्यातून) १ वजा करण्याची पूर्ण आज्ञा असतो, तर ६४-बिट रीतीत पुढच्या आज्ञेचा केवळ उपसर्ग ठरतो.

लांबीच्या या फरकाचा परिणाम व्यत्यय (चालू काम थांबवून कर्नलकडे नियंत्रण जाणे) हाताळताना दिसतो. रिस्क-फाइव्हमध्ये ईब्रेक या थांबा घेणाऱ्या आज्ञेमुळे कर्नलमध्ये प्रवेश झाल्यास साठवलेला पत्ता त्याच आज्ञेचा असतो. ती ओलांडण्यासाठी सरसकट ४ मिळविल्यास तिच्या २ बाइटांच्या संक्षिप्त रूपाबाबत चूक होते, म्हणून आधी लांबी तपासावी लागते. एक्स८६ मध्ये सीसी (षोडशमान CC) या एकबाइटी थांबा-आज्ञेनंतर साठलेला पत्ता पुढच्या बाइटचा असतो, म्हणून मूळ जागा हवी असल्यास १ वजा करतात.

सर्वांत नाजूक काम चालू कर्नलमधील आज्ञा बदलण्याचे. लिनक्समध्ये फलनाच्या (फंक्शनच्या) आरंभी ५ बाइटांची निष्क्रिय आज्ञा ठेवून गरजेप्रमाणे तिचे दुसऱ्या फलनाला बोलावणाऱ्या आज्ञेत (कॉल) रूपांतर करतात. पाचही बाइट एका दमात लिहिल्यास प्रोसेसरचा दुसरा गाभा (कोअर) अर्धी जुनी व अर्धी नवी आज्ञा वाचू शकतो. म्हणून प्रथम पहिल्या बाइटवर सीसी लिहून सर्व गाभ्यांचा समन्वय साधतात, मग उरलेले चार बाइट लिहून पुन्हा समन्वय करतात आणि अखेरीस पहिला बाइट बदलतात. मधल्या काळात तेथे पोहोचलेला गाभा व्यत्यय-हाताळणीत जातो आणि तेथे नव्या आज्ञेचेच काम करून दिले जाते. रिस्क-फाइव्हमध्ये लेखनानंतर, नव्या आज्ञाच वाचल्या जाव्यात म्हणून, फेन्स-आय आज्ञा द्यावी लागते. तिचा परिणाम फक्त ती देणाऱ्या गाभ्यापुरता असल्याने इतर गाभ्यांना ती स्वतंत्रपणे चालवायला लावावी लागते. मद्रास आयआयटीने विकसित केलेला ‘शक्ती’ हा प्रोसेसर याच आज्ञासंचावर आधारलेला आहे.