पीपीएफ अख्ख्या गाडीलाच लावायचं असतं?

‘लावायचं तर अख्ख्या गाडीला, नाहीतर पैसे पाण्यात,’ हे शोरूमपासून सोसायटीच्या पार्किंगपर्यंत ऐकू येतं. तसं काही नाही. पीपीएफ म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म: गाडीच्या रंगावर चिकटवायची, साधारण १५० ते २०० मायक्रॉन (०.१५ ते ०.२ मिलिमीटर) जाडीची पारदर्शक पॉलियुरेथेन (एक लवचिक प्लॅस्टिक) फिल्म. तिचं मुख्य काम उडालेल्या खड्यांचा मार झेलणं. घाटात डंपरच्या मागे तासभर गाडी चालवा आणि बॉनेटची पुढची कड जवळून बघा. टाचणीच्या डोक्याएवढे टवके तिथेच सापडतील. बहुतेक बॉनेट लोखंडी पत्र्याची, म्हणून पावसाळ्यात टवक्यातून गंज धरतो. फिल्म आधी तिथे लावा, मग पुढचा बंपर, आरसे, चाकांमागचा खालचा पत्रा. दाराच्या मुठीमागे नखांचे ओरखडे पडतात, तिथे तळहाताएवढा तुकडा पुरतो. छपराला खडे लागतात कुठे? आणि डेंट तर कुठल्याच फिल्मने थांबत नाही.