डबा वेगळा, बांधणी वेगळी : कॅम्परव्हॅनमधली लिथियम बॅटरी

ट्रॅव्हलर नाहीतर ईकोची कॅम्परव्हॅन, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेली गाडी, करून घेतलेल्या कुणालाही विचारा, की हाऊस बॅटरी कशी बसवलीये, म्हणजे इंजिनाची नाही, दिवे-पंखा-फ्रिज चालवणारी, तर हमखास उत्तर येतं "मस्त बॉक्स बनवून घेतलाय". बॉक्स खरंच मस्त असतो, १८ एमएम प्लाय, वर सनमायका, त्यावर गादी, सीटचं सीट आणि बॅटरीची बॅटरी. पण प्रश्न होता बसवण्याचा आणि उत्तर मिळालं डब्याचं. या दोन गोष्टी सरसकट एकच धरल्या जातात आणि त्यात धोका आहे म्हणून हे लिहितोय.

डबा बॅटरीला बाकीच्या सामानापासून जपतो. टर्मिनलवर पान्हा पडू नये, पाण्याचा कॅन लवंडला तर आत जाऊ नये, पोरांचा हात पोचू नये, एवढ्यासाठी तो. बांधणीचं काम उलट दिशेचं, तिथं बॅटरीपासून माणसांना जपायचं असतं, गाडी कितीही करकचून थांबली किंवा अगदी आडवी झाली तरी ती जागची हलता कामा नये. डबा एक नंबर आणि बांधणी शून्य असं सहज होतं, माझ्या गाडीत तेच होतं.

ताम्हिणी उतरत होतो, वळणावर म्हैस आडवी आली, ब्रेक दाबला आणि मागून धप्प असा एकच आवाज आला. पुढे जागा बघून गाडी घेतली, गादी काढून झाकण उघडलं, तर १०० एएचची बॅटरी, १२ किलोची, तीन बोटं पुढे सरकलेली. पॉझिटिव्हची केबल डब्याच्या कडेला लावलेल्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर घासून तिचं लाल कव्हर सोललेलं आणि आतली तांब्याची तार चमकत होती. डबा मात्र जागच्या जागी, हललासुद्धा नाही! आपल्या गाड्यांत निगेटिव्ह बॉडीला जोडलेला असतो, त्यामुळे ती उघडी तार बॉडीच्या पत्र्याला कुठंही टेकली असती तर थेट शॉर्ट, आणि माझा फ्यूज होता पार इन्व्हर्टरपाशी, म्हणजे बॅटरी ते फ्यूज या सगळ्या केबलला वाली कुणी नाही. लिथियम बॅटरी शॉर्ट झाली की क्षणात प्रचंड करंट सोडते. आता फ्यूज टर्मिनलपासून वीतभरात घेतलाय, आधी केबल आणि मग फ्यूज हा क्रमच चुकीचा होता.

आकड्यात सांगायचं तर करकचून ब्रेक मारल्यावर १२ किलोची बॅटरी साधारण १० किलोच्या जोराने पुढे ढकलते, तेवढ्याला डब्याची भिंतसुद्धा पुरेल जर आत फट नसेल तर. धडकेत हिशोब बदलतो. इलेक्ट्रिक गाड्यांच्या मुख्य बॅटरीसाठी युनोचा आर १०० नियम आहे, त्यात लहान गाड्यांच्या बॅटरीला पुढच्या-मागच्या दिशेला वजनाच्या २० पट धक्का देऊन तपासतात. आपली हाऊस बॅटरी त्या नियमात येत नाही पण मी अंदाजाला तोच आकडा धरतो, १२ गुणिले २० म्हणजे २४० किलो. आता सांगा, १२ एमएमच्या फ्लोअर प्लायमध्ये मारलेले ४ सेल्फ टॅपिंग स्क्रू २४० किलोचा झटका धरतील का.

म्हणून स्क्रूऐवजी आरपार बोल्ट. बोल्टची काळजी करू नका, ८.८ ग्रेडचा ८ एमएमचा एक बोल्ट ताणात दोनेक टन आरामात घेतो. फाटतो तो फ्लोअरचा पत्रा, साधा वायसर त्यातून बटणासारखा ओढून निघतो. म्हणून खालून हातभर लांबीची ५ एमएमची पट्टी लावायची, नाहीतर सरळ चॅसिसच्या आडव्या मेंबरला पकडायचं. भोक पाडायच्या आधी गाडीखाली झोपून बघायचं, डिझेलची लाईन, ब्रेकचा पाईप, वायरिंग काय जातंय ते, आणि भोकाच्या कडेला प्रायमर आणि सीलंट, नाहीतर कोकणातल्या दोन पावसाळ्यांत तिथंच गंज धरतो. वर फॅब्रिकेटरकडून अँगलची चौकट, बॅटरी तळाशी चारी बाजूंनी अडकेल अशी, आणि माथ्यावरून रबर लावलेली आडवी पट्टी, टर्मिनलपासून लांब. रॅचेटचा पट्टापण चालतो, फक्त त्याचे हूक फ्लोअरला बोल्ट केलेल्या कड्यांत पाहिजेत, डब्यात नकोत.

आता ही गल्लत आली कुठून, तर माझ्या मते घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीवरून. ती लेड ॲसिडची, दीडशे एएचची ट्युब्युलर ५० किलोच्या वर, जागची हलतच नाही, तिला बांधायचं कुणाच्या डोक्यातच येत नाही. ती चार्ज होताना हायड्रोजन सोडते आणि हवेत तो ४ टक्के झाला की पेट घेऊ शकतो, म्हणून व्हॅनमध्ये तिला बंद डबा आणि बाहेर काढलेला पाईप लागायचा, तिथं डबा हाच मुख्य मुद्दा होता. लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे आपली व्हॅनमधली लिथियम बॅटरी, रोजच्या वापरात गॅस सोडत नाही, तर तेच पाईपवालं डिझाईन उचलून काय मिळवायचं? हिला घट्ट बंद डबा उलट नडतो. बीएमएस, म्हणजे बॅटरीच्या आतलं तिच्यावर लक्ष ठेवणारं सर्किट, गरम होतो, म्हणून बॅटरीला चारी बाजूंनी दोन बोटं मोकळी हवा पाहिजे, आणि इन्व्हर्टर तिच्या डोक्यावर अजिबात नको. बऱ्याच कंपन्या चार्जिंगची मर्यादा ० ते ४५ अंश देतात, मे महिन्यात उन्हात बंद उभी गाडी वरच्या भागात तेवढी सहज तापते म्हणून जागा खाली फ्लोअरवर, सावलीच्या बाजूला. स्पितीला जाणार असाल तर दुसरं टोक, शून्याच्या खाली चार्ज केलं की सेलमध्ये लिथियम धातूचा थर बसतो आणि तो परत निघत नाही, तेव्हा बॅटरी गाडीच्या बाहेर चॅसिसला लटकवण्यापेक्षा आत, इन्सुलेशनच्या आतल्या बाजूला बरी.

अजून एक घोळ, दाबाचा. सुटे प्रिझमॅटिक, म्हणजे चौकोनी ठोकळ्यासारखे, सेल आणून पॅक बांधणारे लोक सेलना प्लेटमध्ये दाबून धरतात, २८० एएचच्या काही सेलच्या डेटाशीटमध्ये ३०० किलोचा दाब दिलेला असतो. ते वाचून काहीजण तयार बॅटरीवरचा पट्टासुद्धा जीव खाऊन आवळतात. तसं करू नका हो! तो दाब सेल फुगू नये म्हणून असतो, तयार पॅकमध्ये काय लागतं ते कंपनीनं आत केलेलं असतं, बाहेरचं प्लास्टिक आवळून केस चिरते एवढंच. पट्टा घट्ट, पण केसला बाक येता कामा नये, हाताने जोर लावून हलवली तर हलू नये, बास.

नट नायलॉकचे, म्हणजे आत नायलॉनची रिंग असलेले, वापरा आणि आवळून झाल्यावर नट आणि पट्टी दोन्हीवरून नेलपेंटची एक रेघ मारा. पहिला घाट करून आलात की झाकण उघडून ती रेघ बघायची, तुटलेली दिसली तर नट फिरलाय. माझ्या चारपैकी एक फिरला होता, मागच्या उजव्या कोपऱ्यातला, तिथं वायसरखाली रबर राहिलं होतं, ते काढून परत आवळला.