शुगर 'बॉर्डरवर' म्हणजे नेमकी कुठे?

नागपुरात धरमपेठेत ताईच्या घरी टीव्हीखालच्या खणात रिपोर्टांची एक पिशवी आहे. सासूबाईंचा ईसीजी, मुलीच्या चष्म्याचा नंबर, भाऊजींच्या रक्ताच्या तपासण्या, सगळं तारखेनुसार लावलेलं. भाऊजींच्या शेवटच्या कागदावर फास्टिंग 114 ला पेनाने गोल केलाय. 'शुगर बॉर्डरवर आहे, गोड कमी करा,' एवढंच त्यांना सांगितलं गेलं. त्यांनी चहातली साखर अर्धी केली, सकाळी अंबाझरीला चक्कर सुरू केली, आणि परतताना प्लेटभर तर्री पोहे खाऊन घरी येऊ लागले.

या 'बॉर्डर' शब्दाने फार नुकसान केलंय, असं मला मनापासून वाटतं. बॉर्डरवर म्हणजे अजून अलीकडेच आहोत, असा अर्थ माणूस काढतो. उपाशीपोटी 100 ते 125 मिलिग्रॅम, 75 ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी 140 ते 199, किंवा एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी तपासणी) 5.7 ते 6.4 टक्के, यातलं काहीही आलं तर त्याला प्रीडायबेटीस म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना उपाशीपोटीची सुरुवात 110 पासून धरते. त्यामुळे 104 हा आकडा एका लॅबच्या कागदावर ठळक छापून येतो आणि दुसरीच्या कागदावर नॉर्मलमध्ये खपून जातो. या आकड्यांपर्यंत पोहोचेतो स्वादुपिंडातल्या पेशी कित्येक वर्षं जादा इन्सुलिन तयार करत राबलेल्या असतात. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी पाहणीत मधुमेहींचा अंदाज 10.1 कोटी होता आणि प्रीडायबेटीस असलेल्यांचा 13.6 कोटी.

पिशवीत ताईचा स्वतःचा एकच कागद निघाला. फास्टिंग 96. "माझी तर नॉर्मल आहे नं," ती म्हणाली.

तिच्या बाळंतपणात, 11 वर्षांपूर्वी, तिला गरोदरपणातला मधुमेह झाला होता. बाळंतपणानंतर 'आता शुगर गेली' म्हणून घरी पाठवलं. सहा ते बारा आठवड्यांनी ग्लुकोज पिऊन तपासणी करायची, पुढे दर एक ते तीन वर्षांनी पुन्हा करायची, हे तिला कोणीही सांगितलं नाही. याचा मला आजही राग येतो. गरोदरपणात शुगर वाढलेल्या बाईला पुढे टाइप टू मधुमेह होण्याचा धोका इतर बायकांच्या सात ते दहा पट असतो. ही माहिती तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर हवी होती.

नुसत्या फास्टिंगवर तिने विसंबून राहण्यात आणखी एक गफलत होती. रात्रभर आपण उपाशी असताना यकृत रक्तात साखर सोडत असतं. इन्सुलिनचा त्याच्यावरचा वचक सुटला की सकाळची शुगर वाढते. जेवणानंतरची साखर मात्र मुख्यतः स्नायूंनी उचलायची असते. ते इन्सुलिनचं ऐकेनासे झाले की दोन तासांनंतरचा आकडा चढतो, फास्टिंग बरी असली तरी. पहिला प्रकार पुरुषांत जास्त दिसतो, दुसरा बायकांत. याचं एक कारण असंही मानतात, की तपासणीतलं ग्लुकोज लहान चणीच्या बाईलाही तेवढंच दिलं जातं. तरीही ज्यांच्या बाबतीत शंका आहे, त्यांनी फक्त फास्टिंगवर थांबू नये.

विदर्भात एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. एचबीएवनसी तांबड्या पेशींच्या साधारण 120 दिवसांच्या आयुष्यावर बेतलेली तपासणी आहे. आपल्याकडे सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार बऱ्याच समाजांत आहे. त्या आजारात पेशी लवकर मरतात आणि आकडा खोटा कमी येतो. लोहाच्या कमतरतेत उलट वाढून येऊ शकतो. घरात सिकलसेल असेल तर तपासणीआधी डॉक्टरांना ते सांगाच.

भाऊजी म्हणाले, "माझी कंबर 34 च आहे, पँट बघ." पँट पोटाखाली बसते. मी शिंप्याची टेप घेऊन शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध मोजलं: 98 सेंटिमीटर. ताईची 86. आपल्याकडे पुरुषांसाठी 90 आणि बायकांसाठी 80 ला धोक्याची रेघ आहे, कारण कमी वजनातही आपल्या पोटात आतली चरबी साठते.

आता पोह्यांचं. तर्रीतला चना चांगला, त्यात प्रथिनं आणि तंतू असतात. पोह्यांचा डोंगर मात्र भराभर साखर होतो. पोहे अर्धे आणि चना दुप्पट, असं भाऊजी हल्ली पोहेवाल्याला सांगतात. संत्री खायची, रस नाही. तीन-चार संत्र्यांची साखर एका ग्लासात उतरते आणि तंतू गाळणीत राहतात. खर्राही सोडायला हवा. तंबाखूतलं निकोटीन इन्सुलिनचा परिणाम कमी करतं, ही गोष्ट पानठेल्यावर कोणी बोलत नाही.

ताईचा प्रश्न वेगळाच. सगळ्यांना वाढून ती साडेदहाला जेवायची, उरलेला भात संपवायची आणि लगेच आडवी व्हायची. स्नायू हलले की इन्सुलिनशिवायही साखर आत ओढतात, म्हणून जेवणानंतर चालण्याची पंधरा मिनिटं मोलाची. मे महिन्यात पारा 45 ला टेकतो, तेव्हा रात्रीची गच्चीच बरी.

याने फरक पडतो का? चेन्नईतल्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रीडायबेटीस असलेले 531 जण होते. तीन वर्षांत नेहमीचाच सल्ला मिळालेल्यांपैकी 55 टक्क्यांना मधुमेह झाला. आहार आणि चालणं मनावर घेतलेल्यांपैकी 39 टक्क्यांना. त्याला मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीची जोड दिल्याने आणखी वेगळा फायदा दिसला नाही.

ताईने मागच्या महिन्यात ग्लुकोज पिऊन तपासणी केली. लॅबच्या बाकावर दोन तास बसून राहिली. आकडा आला 162. डॉक्टरांकडे जाताना तिने त्याच कागदाच्या मागे प्रश्न लिहून नेले होते: पुढची तपासणी कधी, ही पूर्वस्थितीला येऊ शकते का, आणि शेवटी, त्याच बाळंतपणात झालेल्या माझ्या मुलीलाही धोका आहे का. तिसऱ्याला डॉक्टर हो म्हणाले. तिने घरी येऊन पिशवीत मुलीच्या नावाचा वेगळा कप्पा केला.