कोळंबी खाल्ली, वर गोळी घेतली

रविवारी जेवणात कोळंबीचं कालवण. दुपारी पाठ दुखते म्हणून घरात पडलेली एक गोळी. तासाभरात अंगभर गांधी, ओठ जड, खाज थांबता थांबत नाही. अशा वेळी आपल्याकडे 'पित्त उठलं' म्हणतात, आमसुलाचं पाणी लावतात, एक सेट्रिझिन घेतात आणि पडून राहतात. बहुतेकदा ते उतरतंही. पण उठलं कशाने, हे कुणी शोधत नाही. कोळंबीने, गोळीने, की दोन्ही एकत्र पोटात गेल्याने? मासे खाणाऱ्या मुंबईकराने या तिसऱ्या शक्यतेचा विचार करायलाच हवा.

प्रतिकारयंत्रणेला एखादं निरुपद्रवी प्रथिन घातक वाटलं, की ती त्याच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार करते. ही प्रतिपिंडं त्वचा, श्वासमार्ग आणि आतड्यातल्या मास्ट पेशींवर जाऊन बसतात. पुढच्या खेपेला तेच प्रथिन आलं, की या पेशी हिस्टामाइन आणि इतर रसायनं बाहेर टाकतात. रक्तवाहिन्या सैलावतात, त्यातला द्रव झिरपतो, गांधी उठतात, घसा सुजतो, दम लागतो. प्रकार वाढला तर रक्तदाब कोसळतो. शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०२ मध्ये सी ॲनिमोन या समुद्री जीवाच्या विषावर प्रयोग करताना, पहिल्या डोसातून सावरलेले कुत्रे नंतरच्या अगदी लहान डोसाने मिनिटांत दगावताना पाहिले. या जीवघेण्या प्रतिक्रियेला त्यांनी ॲनाफिलॅक्सिस हे नाव दिलं आणि रिशे यांना १९१३ चं नोबेल मिळालं.

आता गोळी कुठे येते ते पाहू. काही जणांना नुसती कोळंबी पचते, नुसती वेदनाशामक गोळीही चालते. दोन्ही काही तासांच्या आत पोटात गेली की मात्र ॲनाफिलॅक्सिस होतो. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन या गटातल्या औषधांमुळे आतड्याच्या अस्तरातून अन्नातली प्रथिनं जास्त प्रमाणात रक्तात शिरू शकतात आणि मास्ट पेशीही लवकर उद्दीपित होतात. दारू, ताप किंवा जेवून लगेच केलेला व्यायाम यांचाही असाच हातभार लागतो. गव्हाच्या बाबतीत हा प्रकार चांगला अभ्यासला गेला आहे: पोळी खाऊन व्यायाम केला तरच त्रास, एरवी काही नाही. म्हणून 'मागच्या रविवारी खाल्ली तेव्हा काही झालं नव्हतं' एवढ्यावरून कोळंबी निर्दोष ठरत नाही. त्या दिवशी आणखी काय घेतलं होतं, हे विचारावं लागतं.

आणि इथेच गाडी अडते, कारण काय घेतलं ते माहीतच नसतं. मेडिकलच्या काउंटरवर थोडा वेळ उभं राहून पाहा. 'अंगदुखीवर काहीतरी द्या' म्हटलं की दुकानदार स्ट्रिपमधून चार गोळ्या कात्रीने कापून देतो. त्या तुकड्यावर कधी ब्रँडच्या नावाची शेवटची तीन अक्षरं उरतात, कधी तीही नाहीत. घटक, तारीख, बॅच सगळं उरलेल्या स्ट्रिपसोबत दुकानातच राहतं. त्रास झाल्यावर डॉक्टर विचारतात, कोणती गोळी? उत्तर येतं, पांढरी, लांबट.

ब्रँड आठवला तरी तो पुरत नाही. कॉम्बिफ्लॅममध्ये आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही असतात. ती घेऊन गांधी उठलेला माणूस 'मला पॅरासिटामॉल चालत नाही' असा समज करून घेतो आणि पुढच्या वेळी डायक्लोफिनॅक असलेली दुसरी गोळी निर्धास्तपणे घेतो. दोष बहुधा आयब्युप्रोफेनचा असतो, आणि आयब्युप्रोफेन शरीरातलं जे विकर (एन्झाइम) अडवतं तेच डायक्लोफिनॅकही अडवत असल्याने पुन्हा तसाच त्रास होण्याची शक्यता मोठी. अशा अनेकांना पॅरासिटामॉल नेहमीच्या डोसात चालतं, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. माझा आग्रह एवढाच आहे की ब्रँडच्या खाली बारीक अक्षरात छापलेलं औषधाचं मूळ नाव वाचा आणि स्ट्रिपचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. गोळ्या सुट्या घ्यायच्या असतील तर कापण्याआधी फोटो काढा.

कोळंबीतला मुख्य दोषी म्हणजे ट्रोपोमायोसिन हे स्नायूंमधलं प्रथिन. शिजवून, तळून ते निष्प्रभ होत नाही. कुर्ल्या आणि शेवंडांमध्ये ते जवळजवळ तसंच असतं, तिसऱ्या आणि माकुलात थोडं वेगळं. धुळीतल्या सूक्ष्म किडींत आणि झुरळांतही त्याचे जवळचे भाऊबंद आहेत. धर्माच्या नियमामुळे कोळंबी कधीच न खाल्लेल्या ज्यू लोकांच्या रक्तातही कोळंबीविरुद्धची प्रतिपिंडं सापडली आहेत, ती धुळीतल्या किडींमुळे तयार झालेली. दमट हवा, जुन्या चाळी, मोरीतली झुरळं असलेल्या आपल्या शहरात हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

घरोघरी एक गोष्ट हमखास निसटते, ती जवळ्याची. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा सुका जवळा डब्यातून निघतो, आणि 'मला कोळंबी चालत नाही' म्हणणारे चटणीत तो खातात. जवळा कोळंबीच्याच गोत्रातला. तो तव्यावर भाजताना उडणाऱ्या वासानेही संवेदनशील माणसाचा श्वास कोंडू शकतो, कारण त्या वाफेत आणि धुरळ्यात प्रथिनाचे कण असतात. खानावळीत बोंबील मागवलात तरी तो कोळंबीच्याच तव्यावर, त्याच तेलात तळला गेला असेल, तर व्हायचा तो त्रास होतोच. विचारायला लाजू नका. बोंबील, पापलेट, सुरमई यांची ॲलर्जी मात्र वेगळी. ती बहुतेकदा पार्व्हाल्ब्युमिन या प्रथिनाची असते, त्यामुळे कोळंबी सोसत नाही म्हणून मासळीच सोडायची गरज नसते.

बांगड्याचं प्रकरण आणखी निराळं. बांगडा, तारली, कुपा बर्फाविना उन्हात राहिले की जिवाणू त्यांच्यातल्या हिस्टिडिन या अमिनो आम्लाचं हिस्टामाइन करतात. ते शिजवून जात नाही. चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, अंग खाजतं, आणि एकाच ताटातून जेवलेल्या दोघातिघांना एकदम होतं. ही ॲलर्जी नव्हे, विषबाधा आहे. चांगल्या बर्फातला बांगडा पुढच्या आठवड्यात खुशाल खाता येतो.

रक्ताच्या 'फूड ॲलर्जी पॅनल'वर हजारो रुपये घालण्याआधी एक आकडा पाहा. बेंगळुरू-म्हैसूरच्या प्रौढांच्या एका पाहणीत २६.५ टक्के लोकांच्या रक्तात अन्नाविरुद्धची प्रतिपिंडं सापडली, तर लक्षणं आणि प्रतिपिंडं दोन्ही जुळून खरोखर ॲलर्जी असण्याची शक्यता असलेले होते फक्त १.२ टक्के. लक्षणांच्या इतिहासाशिवाय चाचणीचा कागद वाचला तर माणूस विनाकारण दहा पदार्थ सोडून बसतो.

आणि गांधींसोबत आवाज बसला, दम लागला, उलट्या सुरू झाल्या किंवा चक्कर आली, तर सेट्रिझिन किंवा ॲव्हिलवर विसंबू नका. ती खाज उतरवतात, बुडणारा रक्तदाब सावरत नाहीत. ते काम ॲड्रेनॅलिनचं. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत टोचतात आणि काही मिनिटांत लागू पडतं. १०८ ला फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात न्या. माणसाला आडवं ठेवून पाय उंच करा, दम लागत असेल तर बसवा, पण उठून चालायला लावू नका. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातलं औषध चालू असेल तर ते पहिल्याच वाक्यात सांगा, कारण अशा रुग्णाला ॲड्रेनॅलिन कमी लागू पडू शकतं. बरं वाटल्यावर लगेच घरी जाऊ नका. काही तासांनी त्रास पुन्हा उसळू शकतो, म्हणून डॉक्टर थांबवून घेतात. तेवढ्या वेळात आधीच्या काही तासांत काय खाल्लं, कोणती गोळी किती वाजता घेतली, हे कागदावर उतरवून त्यांच्या हाती द्या. औषधाचा संशय असेल तर औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर सामान्य माणूसही त्याची नोंद करू शकतो.